शेवटचं कडवं कापू नका

जत्रेची पत्रिका हातात आली की मी ती शेवटच्या ओळीपर्यंत वाचतो. धंद्याची सवय. मांडव डहाळे कधी, छबिना कधी, बैलगाडे कोणत्या दिवशी, सगळं असतं. फळीफोडचं बक्षीस कुणाकडून, घाटाच्या राजाला काय, अन्नदाते कोण, पाण्याचे टँकर कुणाचे, मंडप कुणाचा, साऊंड कुणाचा. निमंत्रकांची पन्नास-साठ नावं. अगदी खाली बारीक अक्षरात छापखान्याचं नाव आणि मोबाईल नंबर.

आणि ज्या गाण्यावर अख्खं गाव रात्रभर नाचणार असतं, ते गाणं लिहिलं कुणी? चाल कुणाची? गायलं कुणी? ते नाव पत्रिकेत नसतं. बॅनरवर नसतं. डीजेवाल्याला विचारलं तर तो म्हणतो, "यूट्यूबवरून घेतलंय."

मंडळी, ही साधी विसराळूपणाची गोष्ट नाही. आपण आपल्या भागातल्या गाणं करणाऱ्या पोरापोरींना पद्धतशीर बुडवतोय आणि वर म्हणतोय, "अरे, प्रसिद्धी मिळते ना तुला!" म्हणून आज जरा लांब लिहितोय. वेळ असेल तर पूर्ण वाचा.

आधी गाणं कसं होतं ते बघू. कारण बहुतेकांना वाटतं, मोबाईल समोर धरला, गायलं, टाकलं, झालं.

आळेफाट्यावरून बेल्ह्याकडं जाताना एका वस्तीवरचा पोरगा मला माहिती आहे. नाव लिहीत नाही, कारण त्याचा कागदाचा वाद अजून मिटलेला नाही. घरचा कांदा. त्यानं सात गाण्यांचा अल्बम केला. सगळी गाणी स्वतः लिहिलेली, स्वतः चाली लावलेली, स्वतः गायलेली. लागलं दीड वर्ष.

त्याची चाल आधी येते, शब्द मागून. कांद्याला पाणी देताना, दारं धरताना तो गुणगुणतो आणि मोबाईलवर टिपून ठेवतो. नुसतं "ना ना ना". अशा शेकड्यांनी टिपणं त्याच्या फोनमध्ये आहेत. त्यातली चार-दोन आठवड्यांनंतरही डोक्यात वाजत राहिली तरच तो त्यावर शब्द बसवायला घेतो. मग ध्रुवपद. मग अंतरे. पाच अंतरे लिहायचे आणि तीन ठेवायचे. मातीचा, आईचा, कष्टाचा तोच तोच शब्द आला की खोडायचा. एका गाण्यात त्याला कांद्याच्या लिलावातला तो एक क्षण पकडायचा होता, बोली थांबते आणि शेतकरी काहीच न बोलता मान हलवतो तो. त्या एका ओळीला त्यानं दोन महिने घालवले. मी विचारलं, एवढा का अडलास? म्हणाला, "दादा, रडगाणं नाय करायचं. माझा बाप लिलावात रडत नाय."

रेकॉर्डिंग घरातच. एका खोलीच्या भिंतींना गोधड्या टांगल्या. दिवसा रस्त्यावरच्या गाड्या, शेजारची मोटर, कोंबड्या. म्हणून रात्री. रात्री शेतीच्या लाईटीची पाळी असली की व्होल्टेज पडायचं आणि माईकमध्ये घरघर यायची. पाऊस लागला की वर पत्रा वाजायचा, मग काम बंद. एक गाणं जूनला अडकलं ते सप्टेंबरला सुटलं. ढोलकी मात्र त्याला मशीनमधली नको होती. तमाशाचा हंगाम संपल्यावर फडातल्या एका ढोलकीवाल्याला त्यानं गाठलं, त्याचे पैसे दिले, जेवू घातलं. त्या माणसानं पहिल्यांदा काय केलं असेल तर ढोलकी तापवली आणि सांगितलं, "तुझी पट्टी अर्ध्यानं खाली घे, गळा ताणतोयस." ते ऐकून पोरानं आधी गायलेली दोन गाणी पुसून टाकली आणि पुन्हा गायली.

मिक्सिंग झाल्यावर तो ते हेडफोनवर ऐकायचा, मग मोबाईलच्या बारक्या स्पीकरवर, मग ट्रॅक्टरच्या टेपवर. ट्रॅक्टरवर शब्द कळला नाही तर पुन्हा बसायचा. कारण त्याचं गाणं ट्रॅक्टरवरच वाजणार हे त्याला माहिती होतं.

आणि सातच गाणी का, एकच व्हायरल गाणं का नाही? मी हेही विचारलं. त्याचं म्हणणं, एका गाण्यात गाव मावत नाही. बैलगाड्याच्या गाण्यात धुरळा आणि जोर येतो, पण रात्री बिबट्याच्या भीतीनं काठी आपटत पाणी द्यायला जाणारी बाई त्यात येत नाही. डिंभे धरणात गेलेलं मूळचं आंबेगाव त्यात येत नाही. तालुक्याला ज्या गावाचं नाव, ते गावच पाण्याखाली, यावर एक अख्खं गाणं पाहिजे. आणि ते गाणं बैलगाड्याच्या गाण्यानंतर लगेच आलं तरच काळजात बसतं. अल्बम म्हणजे त्याच्या मते पंगतीचं ताट आहे, एकटी भजी नाही.

आता सांगा, ही मेहनत कमी आहे का? याला "पोरगं रिकामं आहे, गाणी बनवतं" म्हणायचं का?

पुढची गोष्ट तुमच्या लक्षात आलीच असेल. अल्बममधलं बैलगाड्याचं गाणं चाललं. शर्यतींना सर्वोच्च न्यायालयानं १८ मे २०२३ ला कायमची वाट मोकळी करून दिल्यापासून आपल्याकडं असल्या गाण्यांना किती मागणी आहे, हे घाटात उभं राहिलेल्याला सांगायला नको. शहरातली एक कंपनी आली. एकरकमी थोडे पैसे, स्टॅम्पपेपरवर इंग्रजीत कागद, इथं सही करा. सही झाली. महिनाभरानं त्यानं स्वतःच्या चॅनेलवर स्वतःच्याच आवाजातलं गाणं टाकलं तर त्यावर कॉपीराईटचा क्लेम आला. कंपनीच्या व्हिडिओखाली गीतकार, संगीतकार म्हणून त्याचं नाव नाही. आणि रीलवाल्यांनी पहिली तीस सेकंद उचलली. शेवटचं कडवं, ज्यात त्यानं गावाचं आणि स्वतःचं नाव गुंफलं होतं, ते कुणी ऐकलंच नाही.

या शेवटच्या कडव्याचंच मला बोलायचं आहे.

स्वतः लिहायचं, स्वतः चाल लावायची, स्वतः गायचं, हे हल्लीच्या शहरी पोरांचं फॅड आहे असं समजणाऱ्यांनी आपला हायवे एकदा नीट बघावा. आपण पुणे-नाशिक रस्त्यावर बसलोय. फाट्यापासून मागं नारायणगाव. तमाशाची पंढरी. विठाबाई भाऊ मांग नारायणगावकर तिथल्या. १९५७ ला आणि पुन्हा १९९० ला राष्ट्रपतींच्या हस्ते गौरव झालेल्या बाईंचे शेवटचे दिवस कसे गेले, हे इथं सगळ्यांना पाठ आहे. २००२ ला त्या गेल्या, आणि २००६ पासून सरकार त्यांच्या नावानं जीवनगौरव पुरस्कार देतंय.

फाट्यावरून पुढं निघालं की संगमनेर तालुका. हिवरगाव पावसा हे गाव आता लोकांना टोलनाक्यामुळं माहिती. ते पवळाबाईचं गाव. तिच्यासाठी लावण्या लिहिणारे, फड उभा करणारे पठ्ठे बापूराव मूळचे वाळवा तालुक्यातल्या रेठरे हरणाक्षचे श्रीधर कृष्णाजी कुलकर्णी. घरचं कुलकर्णीपण सोडून तमाशात आलेला माणूस. रचना त्यांची, बाज त्यांचा, फडही त्यांचा. १९४५ ला पुण्यात हलाखीत गेले.

तसंच संगमनेर ओलांडून सिन्नर तालुक्यात जा. देशवंडी. वामनदादा कर्डक यांचं गाव. जन्म १९२२. मुंबईत मोठेपणी अक्षरं शिकले आणि पुढं हजारो गाणी लिहिली. नुसती लिहिली नाहीत. चाल लावली, गावोगावच्या वस्त्यांत जाऊन स्वतः गायली. पुढं असंख्य गायकांनी ती उचलली, कॅसेटी निघाल्या. किती जणांना ठाऊक असतं की ओठावरचं गाणं वामनदादांचं आहे?

या माणसांकडं वकील नव्हता. पण एक युक्ती होती, आणि ती आपल्या मातीत फार जुनी आहे. शेवटच्या कडव्यात स्वतःचं नाव. तुकोबांच्या अभंगात आहे, शाहिरांच्या पोवाड्यात आहे, बापूरावांच्या लावणीत आहे, वामनदादांच्या गाण्यात आहे. नाममुद्रा. गाणं तोंडोतोंडी कुठंही गेलं तरी बाप कोण ते गाणंच सांगतं. मालकी हक्काची नोंद गाण्याच्या पोटातच. सातबारा गाण्यातच.

मग ती नोंद पुसली कुणी? पहिल्यांदा जुन्या तबकड्यांनी. एका बाजूला जेमतेम तीन मिनिटं मावायची, म्हणजे कडवी कापायची. कुठली कापणार? शेवटची. मग कॅसेट आली, जागा वाढली. पण नाव छापायचं कव्हर बारीक झालं आणि त्यावर गायकाचा फोटो मोठा झाला. आता रील. तीस सेकंदांत शेवटचं कडवं येईलच कसं? तंत्र बदललं, पण दरवेळी कात्री तिथंच लागली.

बरं, शहरात हेच काम केलं की मान मिळतो. संदीप खरे यांनी स्वतःच्या कवितांना स्वतः चाली लावल्या, स्वतः गायल्या, 'दिवस असे की' अल्बम आला, पुढं सलील कुलकर्णींबरोबर 'आयुष्यावर बोलू काही' नाट्यगृहांत तिकीट लावून चाललं. योग्यच झालं. कवीचं नाव वाचून लोक तिकीट काढतात ही मराठीची श्रीमंती आहे. पुण्यातल्या ताडीवाला रोडवरच्या एमसी स्टॅननं 'तडीपार' आणि 'इन्सान' हे अल्बम केले, आपल्या कॉलेजची पोरं त्याचे शब्द तोंडपाठ म्हणतात. तेही बरोबर. मग बेल्ह्याच्या, ओतूरच्या, मंचरच्या पोरानं तेच केलं तर तो "कलाकार" का नाही? त्याला आपण जत्रेत "दोन गाणी म्हण की फुकट" का सांगतो? नाट्यगृहात गायलं तर कवी आणि घाटात गायलं तर हौशी, हा न्याय कुठला?

आता लोकांची ठरलेली उत्तरं घेऊ.

पहिलं उत्तर: "गाणं एकदा लोकांत गेलं की लोकांचं." अहो, गायला कोण अडवतंय? लग्नात, हळदीत, देवाच्या कार्यक्रमात वाजवा, त्याला कायद्यानंच सूट दिलेली आहे. प्रश्न गुणगुणण्याचा नाही. त्या गाण्यावर जाहिरात चालवून पैसे कमावणाऱ्याचा आहे. आणि नाव घ्यायला तर एक रुपयाही लागत नाही.

दुसरं: "यूट्यूब देतं की पैसे." देतं, पण कधी? जाहिरातीतला वाटा सुरू व्हायला चॅनेलला १००० सबस्क्रायबर आणि वर्षभरात ४००० तास बघितलेला वेळ लागतो, नाहीतर शॉर्ट्सवर ९० दिवसांत १ कोटी व्ह्यूज. स्पॉटिफायनं तर २०२४ पासून नियम केलाय की एखादं गाणं मागच्या १२ महिन्यांत १००० वेळा ऐकलं गेलं नाही तर त्याचा मोबदलाच नाही. अल्बममधलं एक गाणं चालतं आणि सहा गाणी शांतपणे थोड्या लोकांपर्यंत जातात. त्या सहाचं उत्पन्न शून्य. म्हणून पोरं अल्बम सोडून फक्त धुरळ्याची गाणी करायला लागतात आणि मग आपणच म्हणतो, "आजकाल चांगली गाणी होत नाहीत."

तिसरं, नवीन उत्तर: "एआयला सांगितलं की दोन मिनिटांत बैलाचं गाणं तयार." होतं ना. बैलाचं नाव, मालकाचं नाव, गावाचं नाव घातलं की होतं. पण लिलावात मान हलवणारा बाप त्यात कुठून येणार? त्याला तिथं उभं राहावं लागतं.

चौथं सगळ्यात बेरकी: "त्यानं सही केलीये ना, मग संपलं." इथं मात्र थांबा. संपलेलं नाही.

आपण व्यवहारी माणसं आहोत. बेल्ह्याच्या बाजारात बैल घेतला तर पावती घेतो. मार्केटला कांदा घातला तर हिशोबपट्टी घेतो, त्यात हमाली, तोलाई, सगळं वेगळं लिहिलेलं असतं. नारायणगावच्या राहुट्यांत तमाशाची सुपारी ठरते तिथंही इसार आणि तारीख कागदावर येते. फक्त गाणं देताना आपली पोरं न वाचता सही करतात. म्हणून कॉपीराईट कायदा, १९५७, त्यातल्या कामाच्या गोष्टी मराठीत लिहितो. जपून ठेवा.

१) गीताचा हक्क ते लिहिणाऱ्याचा, चालीचा हक्क संगीत देणाऱ्याचा, गाण्याचा हक्क गायकाचा आणि रेकॉर्डिंगचा हक्क ते करवून घेणाऱ्या निर्मात्याचा. हे चार वेगवेगळे हक्क आहेत. एकच माणूस चारही कामं करत असेल तर चारही त्याचे. पुढाकार तुमचा, जबाबदारी तुमची, स्टुडिओचं बिल तुम्ही भरलं, तर निर्माते तुम्ही. स्टुडिओवाला नाही.

२) हक्क दुसऱ्याला द्यायचे तर लेखी आणि सहीनिशी लागतात. फोनवरचं "हो दादा, चालेल" म्हणजे हक्क दिले असं होत नाही.

३) कागदात मुदत लिहिलेली नसेल तर ती ५ वर्षं धरली जाते. प्रदेश लिहिलेला नसेल तर फक्त भारतापुरतं. म्हणून "कायमस्वरूपी" आणि "संपूर्ण जग" हे शब्द इंग्रजीत कुठं लपलेत ते आधी शोधा.

४) २०१२ च्या दुरुस्तीनं फार मोठी गोष्ट केली. राज्यसभेत जावेद अख्तर यांच्यासारख्यांनी त्यासाठी भांडण केलं. रेकॉर्डिंगसाठी हक्क लिहून दिले तरी गीतकाराचा आणि संगीतकाराचा रॉयल्टीतला समान वाटा मागण्याचा हक्क जात नाही. "मी रॉयल्टी मागणार नाही" असं लिहून घेतलं तरी ते कायद्यापुढं टिकवणं अवघड आहे.

५) आपल्या रचनेवर आपलं नाव असण्याचा हक्क, हा हक्क विकल्यावरही लेखकाकडंच राहतो. म्हणजे शेवटच्या कडव्यातली नाममुद्रा कायद्यानंही मान्य केलीये.

६) लेखक गेल्यानंतरही ६० वर्षं हक्क राहतो. वामनदादा २००४ ला गेले. म्हणजे ३१ डिसेंबर २०६४ पर्यंत त्यांची गाणी "बेवारस" नाहीत. फुकटात कॅसेटी आणि व्हिडिओ काढणाऱ्यांनी हे वाक्य दोनदा वाचावं.

नोंदणी सक्तीची नाही, पण केलेली बरी. गीताची सरकारी फी ५०० रुपये आहे. एका जत्रेत एका फटाक्याच्या माळेला यापेक्षा जास्त जातात. गीतकार-संगीतकारांसाठी १९६९ पासूनची आयपीआरएस ही संस्था आहे, तिचं सभासदत्व घ्या. आणि गाणं कुठंही अपलोड करताना गीतकार, संगीतकार, गायक हे रकाने रिकामे सोडू नका. ते रकाने म्हणजे आजचं शेवटचं कडवं आहे. तिथं नाव नसेल तर मशीनला तुम्ही दिसतच नाही.

आता काही मागण्या. गावोगावच्या यात्रा कमिट्यांना, मंडळांना.

एक. पत्रिकेत साऊंडवाल्याच्या नावाबरोबर गावच्या गाण्याच्या गीतकार-गायकाचं नावही छापा. एक ओळ लागते.

दोन. बाहेरच्या कलाकाराला जो इसार देता तसाच गावच्या पोरालाही द्या. कमी द्या, पण द्या. आणि कागदावर द्या. "आपलाच आहे" म्हणून फुकट वापरायचं आणि बाहेरच्याला रोख मोजायची, ही आपुलकी नव्हे.

तीन. जत्रेच्या तीन दिवसांत एक तास डीजे बंद ठेवा आणि गावच्या पोराला किंवा पोरीला त्याचा अख्खा अल्बम गाऊ द्या. पहिल्या गाण्यापासून शेवटच्यापर्यंत. लोक उठून जातील असं वाटतं? ज्या मातीत लोक वगनाट्य पहाटेपर्यंत बसून बघायचे, तिथं तासभर बसणार नाहीत? विचारून तरी बघा.

आमच्या पत्रकार भावंडांनाही सांगणं आहे. उद्घाटनाच्या बातमीत व्यासपीठावरच्या तीस जणांची नावं पदांसह छापायला जागा असते, तर गाणं लिहिणाऱ्याच्या एका नावालाही असायला हवी.

आणि जी पोरं-पोरी आत्ता या क्षणी गोधड्या टांगलेल्या खोलीत बसून पाचवा अंतरा खोडतायत त्यांना एवढंच: एका दिवसात सही मागणाऱ्याला सांगा, आठ दिवसांनी देतो. कागद वकिलाला दाखवा. तालुक्याला जुन्नरला, घोडेगावला कोर्ट आहे, तिथं वकील आहेत. शंभर व्ह्यूजचं गाणंही तुमचंच आहे आणि दहा लाखांचंही तुमचंच.

विठाबाईंच्या नावानं पुरस्कार, वामनदादांच्या नावानं संमेलनं, बापूरावांच्या नावानं भाषणं. हे सगळं आपल्याला छान जमतं. माणूस गेल्यावर त्याचं नाव मोठ्या अक्षरात घ्यायला आपण तयारच असतो. जिवंतपणी त्याच्या गाण्याखाली बारीक अक्षरात घ्यायचं म्हटलं की जागा नसते.

या हंगामाच्या पत्रिका लवकरच छापायला जातील. तुमच्या गावचं गाणं कुणी लिहिलंय ते आजच शोधा आणि त्याचं नाव खाली कमेंटमध्ये लिहा, गावासह. त्यानं परवानगी दिली असेल तरच लिहा. मी यादी करतोय. आणि तुमच्या कमिटीच्या ग्रुपवर ही पोस्ट टाका. माझं नाव नाही ठेवलं तरी चालेल, गाणाऱ्याचं ठेवा.